पंधरा आकडे आणि एक चालू फोन नंबर

प्रश्न मनीषनगरच्या एका ताईंचा आहे. घरी तीन वर्षांचा लॅब्राडोर आणि दीड वर्षाची मांजर. गेल्या दिवाळीत फटाक्यांना घाबरून कुत्रा फाटकातून निसटला आणि दोन तासांनी रेल्वे रुळांच्या पलीकडे सापडला. तेव्हापासून घरात मायक्रोचिपचा विषय निघतो. मुलगा म्हणतो, चिप बसवली की कुत्रा कुठे आहे ते मोबाइलवर दिसतं. सासूबाई म्हणतात, अंगात यंत्र घातलं की कॅन्सर होतो. मुलगी नोकरीसाठी जर्मनीत आहे आणि पुढच्या वर्षी तिला मांजर तिकडे न्यायची आहे. ताईंना विचारायचंय की चिप बसवावी का, खर्च किती, आणि प्राणी हरवलाच तर पुढे नेमकं घडतं काय.

मी बावीस वर्षं नागपुरात कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवतोय. चिप बसवून घ्या, असंच मी सांगेन. पण ती कशासाठी बसवताय हे आधी नीट कळू द्या. चिप बसवून निर्धास्त झालेले आणि नंतर दवाखान्यात येऊन रडलेले लोक मी पाहिलेत.

मुलाच्या म्हणण्यापासून सुरुवात करू. हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतोच. "साहेब, चिप लावली का मोबाइलवर दिसते ना जी, पोट्टा कुठं फिरून राहिला ते?" नाही दिसत. चिपमध्ये बॅटरी नाही, सिम नाही, जीपीएस नाही. तुम्ही मेट्रोनं फिरत असाल तर महाकार्ड आठवा. कार्ड खिशात असेपर्यंत ते मुकं असतं, गेटवर टेकवलं की गेट त्याला ओळखतं. गाडीच्या काचेवरचा फास्टॅगही तसाच. टोलनाक्यावरचं यंत्र त्याला जागं करतं तेव्हा तो आपला नंबर सांगतो. गाडी वर्ध्यात आहे की अमरावतीत, हे फास्टॅगला ठाऊक नसतं. चिपचं तसंच आहे. तांदळाच्या दाण्याएवढी, साधारण १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड काचेची कुपी, तिच्यात तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि एक बारीक सर्किट. स्कॅनर अंगाजवळ आणला की त्याच्या १३४.२ किलोहर्ट्झच्या लहरींवर ती क्षणभर जागी होते, पंधरा आकडे सांगते आणि पुन्हा झोपते. स्कॅनर चार बोटं ते फार तर वीतभर अंतरावर हवा.

मोबाइलवर दिसायला हवा असेल तर गळ्यातला जीपीएस पट्टा वेगळा मिळतो. त्याला सिम लागतं आणि दर काही दिवसांनी चार्ज करावा लागतो. जंगलाकडेला फार्महाऊस असलेल्यांना तो मी सुचवतो. पण पट्टा तुटतो, निघतो, कुणी काढूनही टाकतं. चिप कुणाला काढता येत नाही, एवढाच तिचा गुण आहे आणि तो मोठा आहे.

आता एक प्रसंग सांगतो, म्हणजे बाकीचं त्यावरूनच कळेल.

काही वर्षांपूर्वी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी जयताळ्याचे एक भाजीवाले काका एका बीगल कुत्रीला घेऊन आले. गळ्यात पट्टा नव्हता, त्यांनीच सुतळी बांधली होती. मागच्या पायाला भाजलं होतं. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीपासून ती त्यांच्या हातगाडीखाली बसून होती. कुत्री पाळलेली आहे हे दिसतच होतं, "बस" म्हटलं की बसत होती. मी स्कॅनर काढला. खांद्यांच्या मधोमध फिरवला, काही नाही. बरेच जण इथेच थांबतात. पण चिप एका जागी राहीलच असं नाही, कातडीखाली ती सरकते. म्हणून मानेपासून शेपटीकडे, मग दोन्ही खांदे, पुढचे पाय कोपरापर्यंत, छाती, असा सावकाश नागमोडी हात फिरवायचा असतो. उजव्या कोपराच्या जरा वर स्कॅनर बीप वाजला. काकांना एवढा आनंद झाला की त्यांनी मला टाळीच दिली.

आनंद दहा मिनिटं टिकला. आकडे कागदावर उतरवून घेतले. त्या क्रमांकाची नोंद एका खाजगी डेटाबेसमध्ये सापडलीही, पण मालक म्हणून नाव पुण्याच्या एका ब्रीडरचं. त्यानं आख्ख्या वेताची नोंद स्वतःच्या नावावर करून टाकली होती आणि पिल्लं विकल्यावर ती बदलण्याच्या भानगडीत पडला नव्हता. फोन लावला तर नंबर अस्तित्वात नाही. मेल पाठवला, उत्तर नाही. कुत्रीच्या अंगात चिप होती, चिपमध्ये नंबर होता, नंबरामागे माणूस मात्र नव्हता.

नऊ दिवस ती माझ्याकडे राहिली. दवाखान्याच्या दारावर फोटो लावला होता. शेवटी औषधं पोचवायला येणाऱ्या मुलानं ओळखलं, "हे तर त्रिमूर्तीनगरच्या साहेबांचं आहे." तीन किलोमीटरही नाही! ते साहेब आले, कुत्री त्यांच्या अंगावर चढली, दोघंही रडले. मग मी लसीकरणाचं पुस्तक मागितलं. पहिल्याच पानावर, रेबीजच्या लसीच्या लेबलाशेजारी, चिपचं बारकोडवालं स्टिकर चिकटवलेलं होतं. तेच पंधरा आकडे. ते म्हणाले, "डॉक्टर, आम्हाले वाटलं हे बी लसीचंच असंल."

ताई, हे असं सर्रास होतं, आपल्याकडेच नाही. अमेरिकेत २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. तिथल्या ५३ निवारा केंद्रांत आलेल्या चिपवाल्या प्राण्यांची नोंद त्यात होती. भटकत आलेल्या एकूण कुत्र्यांपैकी जेमतेम २२ टक्के मालकाकडे परतले, चिपवाल्यांपैकी ५२ टक्के. मांजरांचा फरक तर डोळे उघडणारा आहे, एकूण मांजरांपैकी २ टक्केसुद्धा नाहीत आणि चिपवाल्यांपैकी ३८ टक्क्यांच्या वर. म्हणजे चिपनं फरक पडतो, भरपूर पडतो. पण उरलेल्या चिपवाल्यांचे मालक का सापडले नाहीत? सगळ्यात मोठं कारण चुकीचा किंवा बंद पडलेला फोन नंबर. नोंदणी केलेलीच नाही, असेही होते.

आपल्याकडे अडचण आणखी एक आहे. गावाकडे गायीच्या कानात पिवळा बिल्ला असतो ना, त्यावरचे बारा आकडे म्हणजे पशु आधार. तो क्रमांक सरकारच्या एका डेटाबेसमध्ये बसतो. डॉक्टरनं उघडलं की गाय कुणाची, लस कधी दिली, सगळं समोर येतं. कुत्र्या-मांजरांसाठी आपल्या देशात असा एकच डेटाबेस नाही. चिप बनवणाऱ्या कंपन्यांचे वेगवेगळे डेटाबेस, काही खाजगी नोंदणी संस्था, शिवाय जातिवंत कुत्र्यांसाठी केनेल क्लब. कुणाची नोंद कुठे आहे हे शोधणाऱ्याला चार ठिकाणी पाहावं लागतं. त्यात स्कॅनर प्रत्येक दवाखान्यात असेलच असं नाही, आणि रस्त्यावर कुत्रं सापडलेल्या माणसाला चिप नावाची गोष्ट असते हेच बहुधा माहीत नसतं. ते भाजीवाले काका माझ्याकडे आले ते भाजलेल्या पायासाठी, स्कॅनसाठी नाही.

म्हणून मी प्रत्येकाला सांगतो की चिप बसवा आणि गळ्यात फोन नंबर कोरलेली पट्टीही ठेवा. बर्डीत नेमप्लेट कोरून देणारे आहेत, अर्ध्या तासात करून देतात. कुत्र्याचं नाव नसलं तरी चालेल, नंबर मोठ्या आकड्यांत हवा, जमल्यास दोन नंबर. भाजीवाल्या काकांना स्कॅनर लागत नाही, आकडे वाचता येतात. मांजरीला मात्र साधा पट्टा नको. गॅलरीच्या जाळीत अडकून फास बसतो. ओढ बसली की आपोआप सुटणारी कडी असलेला पट्टा घ्या.

आता बसवण्याचं. भूल लागत नाही. सुई लसीच्या सुईपेक्षा बरीच जाड असते, हे मी लपवत नाही, दिसतेच. दोन्ही खांद्यांच्या मधोमध कातडी चिमटीत उचलायची, सुई आत, दट्ट्या दाबायचा, सुई बाहेर, आणि त्या जागी काही सेकंद बोट दाबून धरायचं. लॅब्राडोरसमोर बिस्किट धरलं तर त्याला कळतसुद्धा नाही. मांजर एकदा रागानं पाहते. आठ आठवड्यांच्या पिल्लालाही बसवता येते. लहान चणीच्या मांजरीचं नसबंदीचं ऑपरेशन व्हायचं असेल तर त्याच भुलेत उरकून घ्या. तुमच्या मांजरीचं झालं आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

बसवताना तुम्ही समोर उभे असाल तेव्हा दोन-तीन गोष्टींवर नजर ठेवा. पाकीट सीलबंद हवं, त्यावर मुदत असते ती संपलेली नको. चांगला डॉक्टर पाकीट फोडण्याआधी चिप स्कॅन करतो, बसवल्यावर पुन्हा स्कॅन करतो आणि स्कॅनरवरचे आकडे स्टिकरशी ताडून पाहतो. पहिले तीन आकडे पाहा. ३५६ असेल तर तो भारताचा देश-क्रमांक, ९०० च्या पुढचे असतील तर बहुधा चिप बनवणाऱ्या कंपनीचा. ९९९ दिसलं तर घेऊ नका, तो चाचणीच्या चिपांसाठी राखलेला आहे आणि तसा नंबर दुसऱ्या प्राण्यातही निघू शकतो. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ११७८४ आणि ११७८५ हे पाकिटावर छापलेलं असावं. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या चिपांचं पुडकं घेऊन लोक येतात, "डॉक्टर, तुम्ही फक्त टोचून द्या." मी टोचत नाही. नंबर कुणाचा, नोंद कुठे होणार, मुदत काय, कशाचाच पत्ता नसतो.

पर्शियन मांजरीचं एक गमतीशीर सांगतो. दाट केस, चिप बसवली, स्कॅनर वाजला, सगळे खूश. मालकीणबाईंनी मांजर उचलली तर टेबलावरच्या टॉवेलवर तांदळाचा दाणा! सुई कातडीच्या एका बाजूनं आत आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर निघाली होती, चिप केसांत अडकली होती, आणि बीप केसांतूनच येत होता. तेव्हापासून सुई काढल्यावर मी आधी केसांतून बोटं फिरवतो, मग स्कॅन करतो. नवी चिप अर्थातच माझ्या खिशातून.

खर्चाचं म्हणाल तर चिप आणि टोचणी मिळून साधारण हजार ते अडीच हजारांच्या दरम्यान, दवाखान्यागणिक फरक पडतो. नोंदणीचे पैसे त्यात धरलेत की वेगळे, हे आधी विचारा. एकदाच द्यायचे की दर वर्षी, हेही विचारा.

सासूबाईंची काळजी मी हसण्यावारी नेणार नाही. प्रयोगशाळेतल्या उंदरांमध्ये चिपच्या जागी गाठी झाल्याचं काही अभ्यासांत दिसलं होतं, ते खरं आहे. कुत्र्या-मांजरांमध्ये जगभर कोट्यवधी चिपा बसल्या आहेत आणि चिपच्या जागी गाठ झाल्याच्या प्रसिद्ध झालेल्या घटना अगदी मोजक्या आहेत. लहरींचं म्हणाल तर स्कॅनर समोर नसताना चिप काहीच सोडत नाही, सासूबाईंच्या उशाशी असलेला मोबाइल तिच्यापेक्षा कितीतरी बोलका. माझ्या अनुभवात खरे त्रास लहानसहान आहेत. चिप सरकणं, एखादेवेळी जागा सुजणं, क्वचित चिप बंद पडणं. एमआरआय करायची वेळ आलीच तर चिप असतानाही होतो, फक्त मानेच्या चित्रात त्या जागी एक काळा डाग येतो.

मुलीच्या जर्मनीबद्दल मात्र जरा थांबून वाचा, कारण इथे माझी स्वतःची चूक आहे. युरोपीय संघात प्राणी न्यायचा तर आधी चिप आणि मग रेबीजची लस, हा क्रम बदलून चालत नाही. एकाच दिवशी दोन्ही केलं तर चालतं, पण आधी चिप. कारण साधं आहे, ज्या प्राण्याला लस दिली तो हाच, हे नंबरावरूनच सिद्ध होतं. काही वर्षांपूर्वी नेदरलँड्सला निघालेल्या एका कुटुंबाच्या कुत्र्याला मी महिन्याच्या पाच तारखेला लस दिली, कारण ती द्यायची वेळ झाली होती, आणि चिप आली बारा तारखेला. कागद तपासणाऱ्यानं दोन तारखा पाहिल्या आणि फाइल परत केली. पुन्हा लस, पुन्हा थांबणं, पुन्हा रक्त. त्यांची तिकिटं गेली. लस फुकट दिली, पण तिकिटांचे पैसे कुठून देणार?

भारतातून जाताना हिशेब असा बसतो. चिप, त्यानंतर रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना. तो युरोपीय संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत जातो आणि रेबीजविरुद्धची प्रतिकारशक्ती मिलिलिटरमागे किमान ०.५ आंतरराष्ट्रीय युनिट निघावी लागते. नमुना घेतल्याच्या तारखेपासून आणखी तीन महिने थांबायचं. म्हणजे चार महिने तर कागदोपत्रीच गेले, आणि अहवाल कमी आला तर पुन्हा पहिल्यापासून. निर्यातीचं प्रमाणपत्र केंद्राच्या पशु संगरोध (क्वारंटाइन) कार्यालयाकडून घ्यावं लागतं. नागपूरकराला त्यासाठी बहुधा मुंबई गाठावी लागते, तो दिवस तिकिटाच्या हिशेबात धरा. मुलीला सांगा, पुढच्या वर्षीचं आत्ताच सुरू करू. तुमच्या मांजरीला लस आधीच दिलेली असेल तरी हरकत नाही, चिपनंतर पुन्हा एकदा द्यायची आणि तीच कागदावर धरायची. अमेरिकेनंही १ ऑगस्ट २०२४ पासून बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांना चिप सक्तीची केली आहे, आणि तिथेही चिप लसीच्या आधीची लागते.

कायद्याचं थोडक्यात. कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीबाबत केंद्राचे २०१७ चे नियम आहेत. त्यांत आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला मनाई आहे आणि चिपचाही उल्लेख आहे. पिल्लू घेताना ब्रीडरला चिपचं स्टिकर मागा आणि नोंद तुमच्या नावावर बदलून घेतल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका. नंतर तो फोन उचलत नाही. चेन्नई महापालिकेनं २०२५ मध्ये पाळीव कुत्र्यांच्या परवान्याला चिपची जोड दिली. वारं कुठल्या दिशेनं वाहतंय ते दिसतंच आहे.

एक विचित्र विनंतीही येते, पिंजऱ्यातल्या पोपटाला चिप बसवून द्या. मोठ्या परदेशी पक्ष्यांना छातीच्या स्नायूत चिप बसवतात, ते खरं. पण आपला हिरवा, गळ्यात कंठी असलेला पोपट घरात ठेवणंच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. त्याला चिप बसवणं म्हणजे गुन्ह्यावर नंबर टाकणं. लोक गप्प होऊन निघून जातात.

आता तुम्ही काय करायचं ते. कुत्रा आणि मांजर दोघांना एकाच दिवशी आणा, उन्हाळा असेल तर सकाळी नऊच्या आत. मांजर टोपलीत किंवा बंद पिशवीत, हातात धरून स्कूटरवर नको. लसीकरणाची पुस्तकं आणा. कुत्र्याच्या गळ्यात साखळीचा पट्टा असेल तर स्कॅन करताना काढावा लागतो, धातूमुळे स्कॅनर गोंधळतो. आधी मी दोघांना स्कॅन करीन. लॅब्राडोर ब्रीडरकडून घेतला असेल तर त्याच्या अंगात चिप आधीपासूनच असायची शक्यता आहे आणि दुसरी बसवायची गरज पडणार नाही. पुस्तकाचं पहिलं पानही एकदा आजच उघडून बघा.

बसवून झाली की नोंद माझ्यासमोरच, तुमच्या मोबाइलवरून करू. दोन नंबर द्यायचे, तुमचा आणि नागपुरातच राहणाऱ्या दुसऱ्या कुणाचा. मुलीचा जर्मनीचा नंबर आत्ता नको, मांजर तिकडे पोचली की बदला, आणि तिथल्या नोंदणीतही मांजरीचं नाव घालायला तिला सांगा. स्टिकरं पाकिटात चार-सहा येतात, एक पुस्तकात, एक माझ्या रजिस्टरमध्ये, एकाचा फोटो काढून घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. त्रिमूर्तीनगरचे ते साहेब दर वर्षी लसीला येतात तेव्हा मी कुत्रीला स्कॅन करतो आणि मोबाइल नंबर तोच आहे का ते विचारतो. मागच्या वर्षी बदललेला निघाला.